इमॅटिनिब चालू असताना 'टेलोमरेज वाढवणारी' पावडर घ्यावी का?

यावलची_लेक | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा किचकट आहे, पण इथे डॉक्टर आहेत, प्रयोगशाळेतले लोक आहेत, म्हणून विचारते.

माझ्या धाकट्या भावाला (वय ३४, केळीची बागायत) गेल्या वर्षी सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) निघाला. थकवा, वजन उतरलेलं, पांढऱ्या पेशी भरमसाट, आणि प्लीहा इतकी वाढलेली की डाव्या बरगडीखाली हाताला लागायची. रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिबची गोळी चालू आहे. तीन महिन्यांचा बीसीआर-एबीएल (रक्तात रोग किती उरलाय ते सांगणारा आकडा) १० टक्क्यांच्या खाली आला, सहा महिन्यांचा १ च्या खाली. आता वर्षाची तपासणी जवळ आली आहे.

आमच्या नात्यातले एक भाऊजी साखळी पद्धतीने विकायच्या पावडरी देतात. त्यांनी भावाला एक डबा आणून दिला. त्यावर लिहिलंय की ही पावडर 'टेलोमरेज सक्रिय करते, पेशी तरुण ठेवते'. घटकांत अश्वगंधा आणि हिरव्या चहाचा अर्क आहे. भावाने घ्यायला सुरुवातही केली. मी वाचलं होतं की कर्करोगाच्या पेशींत टेलोमरेज आधीच जास्त असतं. तेव्हापासून झोप उडाली आहे.

इमॅटिनिबसारख्या औषधाने कर्करोगाच्या पेशींतलं टेलोमरेज कमी होतं का? होत असेल तर ही पावडर गोळीच्या उलट काम करेल का? आई म्हणते, घरचा माणूस आहे, नाही कसं म्हणायचं.

भुसावळ_जंक्शन | सोमवार, रात्री १०:०५

ताई, पावडर आजच बंद. डब्याच्या मागच्या घटकांच्या यादीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. बाकी चर्चा सावकाश होत राहील.

आखाजी | सोमवार, रात्री १०:११

+१. आणि भाऊजींना सांगा, पेशी तरुण ठेवायला आमच्याकडे कळण्याची भाकरी आणि भरीत आहे, तेही फुकट.

पेशीवेडा | सोमवार, रात्री ११:३०

यावलची_लेक ताई, मी जळगावच्या विद्यापीठातून एमएस्सी केलं, आता पुण्यात पेशींवरच काम करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, कमी होतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हे स्पष्ट दिसलेलं आहे. कसं ते मुळापासून सांगतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा, हजारांच्या घरात, लिहिलेली असतात. हे टोक म्हणजे टेलोमेअर. दाव्याचा पीळ उसवू नये म्हणून आपण टोकाला गाठ मारतो, तेच काम टेलोमेअरचं. पेशी विभागली की दर वेळी हे टोक थोडं झिजतं. फार झिजलं की पेशी विभागणं थांबवते किंवा मरते. टेलोमरेज नावाचं विकर ते टोक पुन्हा वाढवून देतं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांना ते १९८४ मध्ये टेट्राहायमेना नावाच्या तळ्यातल्या एकपेशीय जिवात सापडलं. २००९ चं नोबेल त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं. शरीरातल्या बहुतेक पेशींत हे विकर जवळजवळ बंद असतं. मूळपेशींत थोडं चालू असतं, आणि ८५ ते ९० टक्के कर्करोगांत ते पुन्हा चालू झालेलं सापडतं.

आता सीएमएल. यात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जातात. तयार होणारं आखूड २२ नंबरचं गुणसूत्र नॉवेल आणि हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये फिलाडेल्फियात पाहिलं. ती अदलाबदल आहे हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या जोडातून बीसीआर-एबीएल हे प्रथिन बनतं. ते टायरोसिन कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं विकर, आणि कायम चालू राहतं. पेशीला 'वाढ, वाढ' असा निरोप ते अखंड देत राहतं.

त्यातले दोन निरोप टेलोमरेजपर्यंत पोचतात. एक स्टॅट-५ या निरोप्या प्रथिनामार्फत: त्याने एचटर्ट या जनुकाचं वाचन वाढतं, आणि एचटर्ट हाच टेलोमरेजचा मुख्य कामकरी भाग. दुसरा एकेटी या दुसऱ्या निरोप्यामार्फत: तयार झालेल्या एचटर्टवर फॉस्फेट चढतो आणि तो जास्त जोमाने काम करतो. इमॅटिनिब बीसीआर-एबीएलमध्ये जिथे एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) बसतो तिथेच जाऊन बसतं. मग दोन्ही निरोप थांबतात. एचटर्ट कमी बनतो, आणि जो बनतो तोही मंदावतो.

हे के-५६२ पेशींवर तपासलेलं आहे. त्या पेशी सीएमएलच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका ५३ वर्षांच्या बाईच्या शरीरातून १९७० च्या दशकात वेगळ्या केल्या गेल्या आणि आजही जगभर वाढवल्या जातात. इमॅटिनिबला दाद देणाऱ्या के-५६२ मध्ये टेलोमरेज झपाट्याने आणि बरंच खाली येतं. इमॅटिनिबला न जुमानणाऱ्या केलेल्या के-५६२ मध्ये ते फारसं हलत नाही. म्हणजे टेलोमरेज पडणं हे मुख्यतः बीसीआर-एबीएल बंद पडण्याच्या मागोमाग येतं.

मास्तर_अमळनेर | मंगळवार, सकाळी ६:५०

पेशीवेडा, छान मांडलंत. पण निवृत्त विज्ञान शिक्षक आहे, प्रश्न सुटत नाहीत. औषधाने पेशींची वाढ थांबते हे ठीक. वाढ थांबलेल्या पेशीत टेलोमरेज तसंही कमी होत असेल. मग 'औषधाने टेलोमरेज कमी केलं' म्हणायचं की 'पेशी थकली म्हणून ते कमी दिसलं' म्हणायचं? यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

चाळीसगाव_आउटर | मंगळवार, सकाळी ७:१५

मास्तर सकाळी सकाळी वर्ग भरवतात. मी मागच्या बाकावर.

पेशीवेडा | मंगळवार, दुपारी १:२०

मास्तर, नेमकं इथेच बोट ठेवायला हवं. टेलोमरेज पेशीच्या विभागणीच्या वेगाबरोबर वरखाली होतं हे खरंच आहे. त्यामुळे कुठलंही वाढ रोखणारं औषध दिलं तर ते काही प्रमाणात घसरणार. पण इमॅटिनिबच्या बाबतीत एचटर्टवरचा फॉस्फेट उतरतो, स्टॅट-५ चा जोर उतरतो, हे टप्पे मधे दिसतात. म्हणून मी दोन्ही मानतो: थोडा थेट निरोप तुटल्याचा परिणाम, थोडा वाढ थांबल्याचा.

एक गोष्ट मात्र नक्की. पेशी टेलोमरेज कमी झाल्यामुळे मरत नाही. टेलोमेअर झिजून धोक्याच्या पातळीला यायला पेशीला कित्येकदा विभागावं लागतं. इमॅटिनिबने के-५६२ पेशी काही दिवसांत मरायला लागतात. एवढ्यात टोकं संपत नाहीत. बीसीआर-एबीएलचा 'जग' हा निरोप बंद झाला म्हणून ती मरते.

आणखी एक गुंता. आपल्या निरोगी पेशींतला साधा एबीएल २००० साली तपासला गेला, तेव्हा दिसलं की तो एचटर्टवर वेगळ्या जागी फॉस्फेट चढवून टेलोमरेज कमी करतो. म्हणजे साधा एबीएल लगाम घालतो, आणि त्याच्यापासूनच बनलेला बीसीआर-एबीएल उलट वाढवतो! साधा एबीएल केंद्रकात ये-जा करतो, बीसीआर-एबीएल मुख्यतः बाहेरच्या पेशीद्रवात असतो. दोघांचे शेजारी वेगळे, म्हणून कामंही वेगळी. शिवाय २००५ च्या एका अभ्यासात बीसीआर-एबीएल नसलेल्या पेशींतही इमॅटिनिबने टेलोमरेज खाली आणलं. इमॅटिनिब किट आणि पीडीजीएफच्या ग्राहकांनाही (पेशीवर बसून वाढीचे निरोप घेणाऱ्या प्रथिनांनाही) अडवतं, हे लक्षात घेतलं तर त्यात फार नवल नाही.

मास्तर_अमळनेर | मंगळवार, दुपारी २:०५

एकाच जातीचं प्रथिन जागा बदलली की उलट वागतं, हे शाळेत शिकवायला मिळालं असतं तर पोरं जागी राहिली असती. धन्यवाद.

शिरपूरकर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

माझं मत वेगळं आहे. सगळं परदेशी औषधावर सोडून आपल्या वनस्पतींना नावं ठेवायची फॅशन झाली आहे. अश्वगंधा शतकानुशतकं लोक घेतात. पेशींना बळ मिळालं तर माणूस बरा होईल, बिघडेल कसा? ताईंच्या भावाला गोळीबरोबर पावडरीने ताकद आली तर बिघडलं काय?

रावेरचा_शेतकरी | मंगळवार, रात्री ८:१०

शिरपूरकर भाऊ, मी स्वतः सीएमएलचा रुग्ण आहे, कित्येक वर्षांपासून इमॅटिनिबवर. वनस्पतींना कोणी नावं ठेवत नाही. माझ्या बांधावर कडुनिंब, शेवगा सगळं आहे. पण 'पेशींना बळ' म्हणताना कोणत्या पेशींना? माझ्या शरीरात अजून कुठेतरी दोनचार वाईट पेशी दडलेल्या असणार. त्यांनाही बळ मिळायला नको.

यावलची_लेक ताई, सुरुवातीला मलाही सकाळी डोळ्यांखाली सूज, पायात गोळे, मळमळ व्हायची. गोळी दिवसाच्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर आणि मोठा पेला भरून पाण्याने घेतली की मळमळ बरीच कमी होते. मी दुपारच्या जेवणात घेतो. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीचं पपनस टाळायला सांगतात. भावाला पायात गोळे येतात का?

यावलची_लेक | मंगळवार, रात्री ८:४५

हो काका, रात्री फार येतात. केळी कापणीच्या दिवसांत तर उभं राहवत नाही म्हणतो.

डॉ_साक्री | मंगळवार, रात्री ९:३०

मी रक्तविकारतज्ज्ञ नाही, जनरल प्रॅक्टिस करतो, पण सीएमएलचे रुग्ण माझ्याकडे नेहमीच्या तक्रारींसाठी येतात, म्हणून लिहितो.

शिरपूरकर, 'चालतं' म्हणण्याआधी दोन गोष्टी बघा. इमॅटिनिब यकृतातल्या सीवायपी-३ए-४ या विकरामार्फत मोडतं. काही वनस्पती या विकराचा वेग बदलतात. सेंट जॉन्स वर्ट या युरोपी वनस्पतीने इमॅटिनिबची रक्तातली पातळी खाली येते हे माणसांवर तपासलेलं आहे. पातळी उतरली की गोळी गिळूनही पुरी पडत नाही. दुसरं म्हणजे यकृत. इमॅटिनिबने कधीकधी यकृतावर ताण येतो, आणि हिरव्या चहाच्या दाट अर्कानेही काहींना यकृताला इजा झाल्याचं माहीत आहे. चहा प्यायचा तो वेगळा, अर्काची पावडर वेगळी. स्वयंपाकातली हळद, जिरं, मेथी, याबद्दल मी बोलत नाही.

आणि टेलोमरेज. डब्यावरचा दावा खरा असेल, तर ज्याच्या शरीरात कर्करोगाची पेशी आहे त्याला ते नकोच. दावा खोटा असेल, तर पैसे गेले. मग घ्यायचं कशासाठी?

शिरपूरकर | मंगळवार, रात्री १०:००

डॉक्टर, सेंट जॉन्स वर्टचं माहीत नव्हतं. पण अश्वगंधेवर तसा थेट पुरावा तुम्ही दिला नाही. मी माझं मत सोडत नाही, फक्त एवढं मानतो की डॉक्टरांना न सांगता काही घेऊ नये.

डॉ_साक्री | मंगळवार, रात्री १०:१०

तेवढं मानलंत तरी पुष्कळ आहे.

सातपुडा_पायथा | बुधवार, सकाळी ११:००

विषय जवळचा आहे म्हणून सांगते. माझ्या भाचीला एपीएल होता, म्हणजे वेगळ्या जातीचा ल्युकेमिया, १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीचा. तिला ट्रान्स रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड दिलं. आर्सेनिकचं नाव ऐकून घरात रडारड झाली, कारण आजीला ते 'सोमल' म्हणून माहीत, विष म्हणून. ती आज बरी आहे, शहाद्याला कॉलेजात जाते. पेशीवेडा, त्या औषधांनीही टेलोमरेज कमी होतं का?

पेशीवेडा | बुधवार, दुपारी १२:४५

हो. एपीएलच्या पेशींवर दोन्ही औषधं एचटर्टचं वाचन कमी करतात असं दिसलं आहे. तिथे ती वाईट पेशी परिपक्व होते, पूर्ण वाढलेली पेशी विभागत नाही, आणि टेलोमरेजही बंद पडतं. भाची बरी आहे हे वाचून फार आनंद झाला. (आणि कोणी हे वाचून घरी सोमल शोधू नका! त्याची मात्रा हॉस्पिटलात शिरेतून, हृदयाचा ईसीजी बघत बघत देतात.)

चाळीसगाव_आउटर | बुधवार, दुपारी १:१५

मागच्या बाकावरून एक शंका. टेलोमरेज थेट अडवणारं औषधच का देत नाहीत? सगळ्या कर्करोगांना एकच गोळी!

पेशीवेडा | बुधवार, दुपारी ३:००

तसं एक औषध आहे: इमेटेलस्टॅट. ते टेलोमरेजच्या आरएनए साच्याला चिकटतं. अमेरिकेत जून २०२४ मध्ये मान्यता मिळाली, पण ती ल्युकेमियासाठी नाही. कमी धोक्याच्या मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोममध्ये (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा विकार) ज्यांना सतत रक्त चढवावं लागतं अशांसाठी आहे. दर चार आठवड्यांनी शिरेतून देतात. त्याने प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल (एका जातीच्या पांढऱ्या पेशी) खूप कमी होऊ शकतात, कारण अस्थिमज्जेतल्या आपल्या चांगल्या मूळपेशींनाही थोडं टेलोमरेज लागतंच. शिवाय मघाशी म्हटलं तसं, टोकं झिजून पेशी मरायला वेळ लागतो. म्हणून एकच गोळी सगळ्यांना, असं जमत नाही.

भुसावळ_जंक्शन | बुधवार, रात्री ९:००

थोडं विषयांतर, पण नव्या लोकांना कळावं म्हणून. माझ्या वडिलांना सीएमएल झाला तेव्हा मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता. आम्ही रात्रीच्या गाडीने दादरला उतरायचो, गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, आणि सकाळी परळच्या टाटामध्ये रांगेत. वडिलांना कंपनीच्या मदत योजनेतून गोळ्या मिळाल्या. पुढे भारतीय कंपन्यांची जेनेरिक इमॅटिनिब आली, आठ-दहा हजारांत. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्या गोळीच्या नव्या स्फटिकरूपाचं पेटंट नाकारलं, तो दिवस आमच्या घरी सणासारखा होता. आता ती अजून स्वस्त झाली आहे, आणि राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. भाऊजींची पावडर आणि गोळी यांच्या किमती शेजारी ठेवून बघा.

यावलची_लेक | बुधवार, रात्री ९:२०

बघितल्या. पावडर महाग आहे.

आखाजी | बुधवार, रात्री ९:२५

बठ्ठं बराबर शे भो. तो पैसा आंब्यांना लावा, आखाजीला बोलवा.

यावलची_लेक | गुरुवार, सकाळी १०:१५

काल भाऊजी घरी आले होते. मी इथलं सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, 'टेलोमेअरची रक्त तपासणी करून घ्या, पावडरीने टोकं लांब होतात हे कागदावर दाखवतो.' त्यांच्या कंपनीचीच तपासणी आहे. आता काय बोलू?

पेशीवेडा | गुरुवार, दुपारी १२:३०

ताई, हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून कामातून वेळ काढून लिहितो.

सीएमएलच्या वाईट पेशींचे टेलोमेअर त्याच माणसाच्या चांगल्या पेशींपेक्षा आखूड असतात. कारण त्या टेलोमरेज असूनही अतोनात विभागलेल्या असतात. रोग पुढच्या टप्प्यात गेला की ते आणखी आखूड होतात, आणि टेलोमरेज आणखी वाढतं. इमॅटिनिबने वाईट पेशी जातात आणि अस्थिमज्जेत चांगल्या पेशी पुन्हा घर करतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या टेलोमेअरची सरासरी लांबी वाढते. हे रुग्णांवर मोजून दाखवलेलं आहे. इथे एकाही पेशीचं टोक वाढलेलं नसतं, फक्त आखूड टोकांच्या पेशी जाऊन लांब टोकांच्या आलेल्या असतात.

आता विचार करा. तुमचा भाऊ गोळी घेतोय. भाऊजींनी तपासणी केली तर लांबी वाढलेली दिसण्याची चांगलीच शक्यता आहे. ते काम गोळीचं, आणि पावती पावडरीच्या नावाने फाटेल! पुढे 'पावडरीनेच गुण आला, गोळी कमी करा' इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून ती तपासणी करूच नका.

टेलोमरेज मोजायची पद्धत १९९४ पासून आहे, पण ती संशोधनासाठी. सीएमएलचा उपचार ठरवायला कोणी ती वापरत नाही. तुमचा आकडा एकच: बीसीआर-एबीएल, आंतरराष्ट्रीय मापावर, शक्यतो दर वेळी त्याच लॅबमधून. तीन महिन्यांना १० टक्के, सहाला १ टक्का, बाराला ०.१ टक्का किंवा खाली.

मास्तर_अमळनेर | गुरुवार, दुपारी १:०५

सरासरी वाढली म्हणजे प्रत्येक घटक वाढला असं नव्हे. सातवीच्या गणितात शिकवलं, आणि भाऊजींच्या वहीत ते नव्हतं.

रावेरचा_शेतकरी | गुरुवार, रात्री ८:००

पेशीवेडा, या एका उत्तरासाठी हा धागा जपून ठेवावा असं वाटतं. मलाही एकाने 'टोकं तपासून देतो' म्हटलं होतं, तेव्हा नाही म्हणण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं.

नंदुरबारची_मिरची | गुरुवार, रात्री ९:४०

एक भीती विचारू का? माझे पती डॅसॅटिनिबवर (सीएमएलच्याच दुसऱ्या गोळीवर) आहेत. टेलोमरेज कमी होतं म्हणजे चांगल्या पेशीही लवकर म्हाताऱ्या होणार का?

पेशीवेडा | गुरुवार, रात्री १०:२०

नाही ताई, त्या अर्थाने घाबरू नका. ही औषधं टेलोमरेजवर नेमकी चाल करून जात नाहीत. बीसीआर-एबीएल ज्या पेशीत आहे तिथे तोच टेलोमरेजला उसकवत असतो, म्हणून तो बंद पडला की तिथे ते जास्त उतरतं. वर सांगितलेल्या रुग्णांच्या मोजणीत उलट रक्तातली सरासरी लांबी वाढलेली दिसली. डॅसॅटिनिबबद्दल डॉक्टर ज्याकडे लक्ष द्यायला सांगतात ते म्हणजे छातीत पाणी होणं, धाप लागणं. तसं वाटलं तर लगेच दाखवा.

नंदुरबारची_मिरची | गुरुवार, रात्री १०:२५

लाख लाख धन्यवाद. आज झोप लागेल.

यावलची_लेक | (तीन आठवड्यांनी) शनिवार, संध्याकाळी ७:००

मंडळी, वर्षाचा रिपोर्ट आला. ०.४ टक्के.

डॉक्टरांनी रागावून नाही, शांतपणे विचारलं, 'गोळ्या किती उरल्या आहेत?' भावाने डबी काढली. जितक्या उरायला हव्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. कापणीच्या दिवसांत पायात गोळे येतात म्हणून तो मधे मधे गोळी टाळत होता, आणि भाऊजींनी सांगितलं होतं की पावडर घेतलीस तर एखाद्या दिवशी गोळी नसली तरी चालेल. घरात कोणालाच माहीत नव्हतं.

पावडर बंद. डॉक्टर म्हणाले, ०.४ म्हणजे औषध हरलं असं नाही, पण हा इशारा आहे. गोळी रोज, मग पुन्हा तपासणी, आणि आकडा चढला तर म्युटेशनची, म्हणजे बीसीआर-एबीएलच्या जनुकात बदल झालाय का याची, तपासणी. पायांच्या गोळ्यांसाठी रक्तातले क्षार बघितले आणि वेगळं औषध दिलं.

पेशीवेडा दादा, तुमच्या भाषेत सांगा म्हणजे भावाला वाचून दाखवते. एक दिवस गोळी नाही घेतली तर आत काय होतं?

पेशीवेडा | शनिवार, रात्री ९:१५

दादा, तुम्हालाच लिहितो.

इमॅटिनिब रक्तात साधारण १८ तासांत निम्मं होतं. एक दिवस गेला की बीसीआर-एबीएलची जागा मोकळी व्हायला लागते. तो पुन्हा निरोप धाडू लागतो, स्टॅट-५ जागा होतो, एकेटी जागा होतो, एचटर्टवर फॉस्फेट चढतो, टेलोमरेज पुन्हा कामाला लागतं. म्हणजे तुमच्या ताईंनी पहिल्या दिवशी पावडरीबद्दल जी भीती विचारली होती, ती गोष्ट चुकवलेली गोळी खात्रीने करते. गोळीने सीएमएलच्या ज्या मूळपेशी मरत नाहीत, नुसत्या दबून असतात, त्यांना ही मोकळीक मिळते. सीएमएलच्या रुग्णांवर २०१० मध्ये गोळीच्या डबीला बारीक यंत्र लावून मोजलं होतं. ठरलेल्यापैकी ९० टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्यांचा आकडा ०.१ च्या खाली जायची शक्यता फार कमी झाली. ९० टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकल्या, बस.

उद्याची राहिली तर परवा दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या. त्रास होतोय तर गोळी टाळू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. नायलोटिनिब, डॅसॅटिनिब, बोसुटिनिब आहेत.

शिरपूरकर | शनिवार, रात्री ९:४०

ताई, 'गोळी नसली तरी चालेल' असं कोणी म्हटलं असेल तर ते चूकच. माझं वनस्पतींबद्दलचं मत आहे तिथे आहे, पण हे कोणी म्हणू नये. भावाला नमस्कार सांगा.

भुसावळ_जंक्शन | शनिवार, रात्री १०:०५

भावाला हेही सांगा की चिकाटीने घेणाऱ्यांतल्या काहींची गोळी पुढे बंदही होते. फ्रान्समध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षं आकडा न सापडण्याइतका खाली राहिलेल्यांची गोळी थांबवली होती, साधारण ४० टक्क्यांना ती पुन्हा लागली नाही. ज्यांचा रोग परतला त्यांचा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत परतला, आणि गोळी सुरू केल्यावर पुन्हा आटोक्यात आला. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर महिन्याला तपासणी करून. स्वतःच्या मनाने नाही.

रावेरचा_शेतकरी | रविवार, सकाळी ६:३०

ताई, भावाचा फोन नंबर इथे टाकू नका, मला निरोप पाठवा. मी आठवड्यात फैजपूरला येतोच, त्याच्या बागेत चक्कर मारीन. कापणीच्या दिवसांत मी गोळी दुपारच्या जेवणाच्या डब्यात टाकून शेतात नेतो, आणि मजुरांची भाकरी सुटली की माझीही गोळी होते. तो कापणीला किती वाजता लागतो?

यावलची_लेक | रविवार, सकाळी ७:१०

काका, पहाटे पाचला. निरोप पाठवला आहे. तो म्हणतो, जेवायलाच या.